मिशन ट्रिप फसते तेव्हा : पौल आणि माल्टाच्या किनाऱ्यावरचा विस्तव

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये २७:१ ते २८:१०
सोबत वाचा : लूक १०:१-९, २ करिंथ ११:२५-२८



परदेशी सेवेला निघणाऱ्या टीमसाठी मंडळीत प्रार्थना होते, ती बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. प्रभू, यांचा प्रवास सुखरूप होऊ दे, व्हिसा वेळेवर मिळू दे, वाटेत काही अडथळा येऊ देऊ नकोस. सगळे मनापासून आमेन म्हणतात. आणि मग कनेक्टिंग फ्लाइट चुकते. बॅगा भलत्याच देशात जातात. पावसात रस्ता बंद होतो, कुणाला ताप भरतो, जिथे रविवारी पोचायचं तिथे बुधवार उजाडतो.

मग युवक संघाच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज यायला लागतात. एक : "सैतान काम अडवतोय, उपास धरा." दुसरा : "देवाचीच इच्छा, सगळं चांगल्यासाठीच होतं." आणि ज्याची बॅग हरवलीय तो बिचारा विमानतळावर बसून एकच विचार करत असतो. मी तर प्रभूच्याच कामाला निघालो होतो ना? मग हे का?

हा प्रश्न विचारायला घाबरू नका. पवित्र शास्त्रात या प्रश्नावर एक अख्खा अध्याय आहे, तोही तारखा, वारे, बंदरं आणि पाण्याची खोली यांच्या हिशोबासह. लूक स्वतः त्या जहाजावर होता. म्हणून तर तो "आम्ही" असं लिहितो.

आधी प्रवास नीट पाहू

पौलाला रोमला जायचं होतं. ही त्याची हौस नव्हती. यरुशलेमेत असताना रात्री प्रभू त्याच्याजवळ उभा राहिला आणि रोममध्येही तुला माझी साक्ष द्यायची आहे असं त्याने सांगितलं (प्रेषित २३:११). म्हणजे पाठवणारा पक्का, ठिकाण पक्कं. फक्त तिकीट वेगळं होतं. पौल कैदी म्हणून निघाला, युल्य नावाच्या शताधिपतीच्या ताब्यात.

सुरुवातीपासून वारा समोरचा. मुऱ्या बंदरात त्यांनी जहाज बदललं. हे दुसरं जहाज आलेक्सांद्रियाचं, गहू घेऊन इटलीला निघालेलं. कसेबसे ते क्रेत बेटाच्या दक्षिण बाजूला एका बंदरात पोचले. तोवर उपासाचा दिवस, म्हणजे यहुदी लोकांचा प्रायश्चित्ताचा दिवस, होऊन गेला होता. आपल्या कॅलेंडरने सप्टेंबरची अखेर किंवा ऑक्टोबर. त्यानंतर भूमध्य समुद्रात जहाज हाकणं धोक्याचं, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पौलाने सांगितलं, पुढे गेलात तर मालाचं, जहाजाचं आणि जिवाचंही नुकसान होईल. पण शताधिपतीने कप्तानाचं आणि जहाजाच्या मालकाचं ऐकलं. हिवाळा काढायला पुढचं बंदर जास्त सोयीचं होतं, आणि बहुमत तिकडेच होतं. थोडा दक्षिणेचा वारा सुटला, सगळ्यांना वाटलं काम झालं.

आणि मग युरकुलोन नावाचं वादळ आलं. जहाज वाऱ्यावर सोडून द्यावं लागलं. खलाशांनी जहाजाला खालून दोर आवळले, माल फेकला, तिसऱ्या दिवशी जहाजाचं सामानसुद्धा समुद्रात टाकलं. किती तरी दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. त्या काळी होकायंत्र नव्हतं, म्हणजे आपण कुठे आहोत हेच कळायला मार्ग नव्हता. आपलं गूगल मॅप्स बंद पडतं तेव्हा जीव कासावीस होतो. इथे २७६ माणसं १४ दिवस तशी होती. लूक सरळ लिहितो की वाचण्याची आशाच संपली. त्या "आशा संपलेल्यां"मध्ये त्याने स्वतःला धरलं आहे, हे लक्षात घ्या.

चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा अंदाज आला. पाण्यात दोर सोडून पाहिलं तर २० वाव, थोडं पुढे १५ वाव. खडकावर आपटू नये म्हणून मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि सगळे पहाट होण्याची वाट पाहत बसले. सकाळ झाली, जहाज रेतीच्या उंचवट्यात रुतलं, मागचा भाग लाटांनी फुटला. पोहता येणारे पोहत आले, बाकीचे फळ्यांवर. सगळे किनाऱ्याला लागले. क्रेतपासून सुमारे ९०० किलोमीटर वाहत येऊन ते माल्टा बेटावर आले होते.

प्रवास मोडला म्हणून पाठवणं मोडत नाही

रात्री देवदूत पौलाला काय सांगतो ते नीट वाचा (२७:२२-२६). तू कैसराच्या समोर उभा राहशील. तुझ्याबरोबरचे सगळे वाचतील. पण जहाज जाईल, आणि तुम्ही एका बेटावर जाऊन आदळाल. देवाने जहाजाबद्दल काहीच वचन दिलं नव्हतं!

आपली गडबड बरेचदा इथेच होते. देवाने जे सांगितलं ते एक, आणि आपण त्याला जोडून घेतलेलं दुसरं. देवाने सांगितलं "जा". त्याला आपण जोडलं : वेळेवर जा, सामानासकट जा, ठरलेल्या कार्यक्रमाप्रमाणे जा, परत येऊन छान साक्ष द्यायला मिळेल असं जा. मग यातलं एखादं मोडलं की आपल्याला वाटतं देवाचं वचन मोडलं. मोडलेलं असतं ते आपलं टाइमटेबल.

आणखी एक गोष्ट. २ करिंथ ११ मध्ये पौल आपल्या हालअपेष्टांची यादी देतो, तिच्यात तीन वेळा जहाज फुटल्याचा उल्लेख आहे. एक रात्र आणि एक दिवस त्याने भर समुद्रात काढला होता. ते पत्र त्याने या प्रवासाच्या काही वर्षं आधी लिहिलं. म्हणजे माल्टाचं जहाज फुटणं त्या तिघांत धरलेलंच नाही, ते निदान चौथं! तीनदा बुडता बुडता वाचलेला माणूस चौथ्यांदा जहाजात बसला. प्रेषित असूनही त्याला सुरळीत प्रवासाचं वरदान मिळालेलं नव्हतं. मग एक फ्लाइट रद्द झाली म्हणून "माझं पाचारण खरं नव्हतं का?" असं स्वतःला विचारू नका. पाचारणाची परीक्षा डिपार्चर बोर्डवर होत नाही.

प्रत्येक अडचणीला देवाचं नाव लावू नका

इथे थोडं स्पष्ट बोलू. त्या जहाजावर संकट आलं त्यामागे माणसांचा निर्णय होता. ऋतू उलटला होता, इशारा दिला गेला होता, पण सोय आणि नफा वरचढ ठरले. पौल नंतर त्यांना तसं तोंडावर सांगतो की माझं ऐकायला हवं होतं (२७:२१). "देवाचीच इच्छा" म्हणून तो विषय झाकत नाही. पण तेवढ्यावर तो रुसूनही बसत नाही. पुढच्याच वाक्यात तो त्यांना धीर देतो.

म्हणून सेवेला निघताना तयारी नीट करा. पासपोर्टच्या प्रती घरी ठेवा, प्रवासाचा विमा काढा, औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. केनियासारख्या देशातून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, आणि ती लस निदान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. "प्रभू बघून घेईल" म्हणून हे टाळायचं नाही. स्थानिक मंडळी जेव्हा सांगतात की या महिन्यात येऊ नका, रस्ते बंद असतात, तेव्हा ऐका. कधी कधी पौलाचा आवाज गावच्या ड्रायव्हरच्या तोंडून येतो.

जहाजावर वचन मिळाल्यानंतरही दोर आवळलेले होतेच, खोली मोजली गेली, नांगर टाकले गेले. खलाशी होडी घेऊन गुपचूप पळायला निघाले तेव्हा पौल म्हणाला, हे जहाजात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. देवाचं वचन आणि खलाशांचे हात, दोन्ही एकाच जहाजात हवेत. आणि सगळ्यांच्या पोटात १४ दिवस अन्न नव्हतं तेव्हा त्याने भाकर घेतली, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले, मोडली आणि खायला लागला. मग बाकीच्यांनाही धीर आला. विश्वास कधी कधी इतकाच असतो : प्रार्थना कर, आणि थोडं खाऊन घे.

विस्तव कोणी पेटवला?

आता मला ज्यासाठी हा भाग आज घ्यावासा वाटला तिथे येऊ. प्रेषित २८:२.

किनाऱ्याला लागलेल्या त्या २७६ जणांजवळ काही नव्हतं. भिजलेले कपडे, वरून पाऊस, थंडी. आणि बेटावरच्या लोकांनी विस्तव पेटवला आणि सगळ्यांना जवळ घेतलं. लूक या लोकांसाठी मूळ ग्रीकमध्ये "बार्बारोय" हा शब्द वापरतो. ज्यांना ग्रीक बोलता येत नाही, ज्यांची भाषा आपल्या कानांना नुसती बडबड वाटते, ते बार्बारोय. ज्यांना ग्रीक जग अडाणी समजत होतं, त्यांच्याबद्दल लूक लिहितो की त्यांनी आमच्यावर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त माया केली.

त्या लोकांनी तोवर येशूचं नाव ऐकलं असेल असं लूक कुठेही सांगत नाही. पौल जगाला सुवार्ता द्यायला निघालेला प्रेषित. पण माल्टावर पहिली सेवा पौलाने केली नाही. पहिली सेवा पौलाची झाली.

हे मला केनियात कळलं. एका एप्रिलमध्ये आमच्या मंडळीतले आम्ही पाच जण तिथे गेलो होतो. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमू शहर आहे, त्याच्या पूर्वेला कानो नावाचा सखल मैदानी भाग. तिथल्या एका छोट्या मंडळीने शाळेच्या सुट्टीत मुलांचं शिबिर ठेवलं होतं. आमच्या दोन मोठ्या बॅगांत रंग, कागद, गोष्टींची चित्रं आणि म्हाताऱ्या माणसांसाठी वाचायचे चष्मे होते. नैरोबीला उतरलो तर त्या दोन्ही बॅगा आल्याच नव्हत्या. काउंटरवर फॉर्म भरला आणि रिकाम्या हातांनी पुढे निघालो. बॅगा सहाव्या दिवशी मिळाल्या.

एप्रिल म्हणजे तिथला मोठ्या पावसाचा मोसम. पाऊस लागला की न्यांडो नदीचं पाणी त्या मैदानात पसरतं. माती आपल्या सोलापूरकडच्या रानासारखी काळी, चिकट. आमची गाडी संध्याकाळी रुतली ती रुतलीच. मुक्कामाचं गाव अजून लांब होतं. ड्रायव्हरदादा चालत जाऊन जवळच्या घरी विचारून आले आणि आम्ही त्या घरी गेलो. पत्र्याचं छप्पर, एक आजी, तिची दोन नातवंडं. दारात आम्हाला पाहिल्या पाहिल्या तिने "पोले, पोले साना" म्हणायला सुरुवात केली. स्वाहिलीत हे कुणाच्या त्रासाबद्दल वाईट वाटलं की म्हणतात. आपण "अरेरे, किती त्रास झाला गं बाळा" म्हणतो ना, तसं.

तिने कोळशाची शेगडी मध्ये ओढली. आपली एक लेसो, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते रंगीत कापड, माझ्या खांद्यावर टाकली. दुधाचा चहा दिला. त्याला तिथेही "चाय"च म्हणतात. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि त्याच्याबरोबर सरोवरातले ओमेना नावाचे सुकवलेले बारीक मासे, आपल्या सुकटीच्या जवळचे. आमच्याकडे तिला द्यायला काहीच नव्हतं. चष्मा तिलाच लागणार होता, हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं, आणि तो कुठल्या तरी विमानतळावर पडून होता. झोपायच्या आधी तिने तिच्या लुओ भाषेत आमच्यासाठी बराच वेळ प्रार्थना केली. ड्रायव्हरदादांनी तिचा अर्थ एवढाच सांगितला : ही पोरं आपापल्या आईपाशी धडधाकट पोचू देत, असं ती मागतेय.

स्वाहिलीत "म्गेनी" असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ पाहुणा, आणि परका माणूससुद्धा. आपल्याकडे पाहुणा वेगळा आणि परका वेगळा. तिथे एकच शब्द दोघांना पुरतो. दारात जो येईल तो म्गेनी. त्या रात्री आम्ही तेच होतो.

सामान न घेता पाठवणारा प्रभू

परत आल्यावर लूक १० वेगळ्या डोळ्यांनी वाचलं गेलं. येशूने सत्तर जणांना पाठवलं तेव्हा काय सांगितलं? थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरात घेतील तिथे राहा, समोर ठेवतील ते खा. आपण याला त्यागाचा धडा म्हणून वाचतो आणि पुढे जातो. पण व्यवहारात याचा अर्थ काय होतो पाहा. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला पहिल्याच घरी पाणी मागावं लागतं. झोपायला जागा मागावी लागते. म्हणजे येशूने आपल्या शिष्यांना देणारे म्हणून पाठवण्याआधी पाहुणे म्हणून पाठवलं. त्यांची पहिली ओळख गरजवंत म्हणून व्हावी अशी त्यानेच व्यवस्था केली.

तो स्वतः तसाच वागला. शोमरोनात दुपारी दमून विहिरीवर बसला आणि एका परक्या बाईला म्हणाला, मला पाणी दे. त्या मागण्यापासूनच सगळं संभाषण सुरू झालं.

आपल्या मिशन ट्रिपचे फोटो आठवा. फोटोत आपण नेहमी देणारे असतो. आपला हात वर, मुलांचे हात खाली. आपण वह्या वाटतो, शिकवतो, प्रार्थना करतो. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, वह्या लागतातच. पण फक्त तेवढंच असेल तर समोरच्याला मनातून असं वाटत राहतं, की ही माणसं वरून आली, देऊन गेली. प्रवास फसतो तेव्हा हे उलटतं. भाषा येत नाही, पैसे संपलेत, गाडी बंद आहे, आणि ज्यांना आपण "गरजू" म्हणून आलो होतो त्यांच्या दारात आपण उभे असतो. मत्तय २५ मध्ये प्रभू म्हणतो की मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलं. आपण ते वचन वाचताना स्वतःला नेहमी दार उघडणाऱ्याच्या जागी धरतो. फसलेला प्रवास आपल्याला दाराच्या बाहेर उभा करतो. आणि मग कळतं की प्रभू आपल्या पोचण्याची वाट पाहत थांबलेला नव्हता. त्याची माया तिथे आपल्या आधीच राहत होती, शेगडी पेटवून.

तिसऱ्या दिवशी कुदळ

पूर्व आफ्रिकेत एक म्हण आहे. तिचा अर्थ असा : पाहुणा दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. म्हणजे दोन दिवस पाहुणचार घ्या, मग घरच्यासारखं कामाला लागा.

पौलाने तिसऱ्या दिवसापर्यंतही वाट पाहिली नाही. २८:३ मध्ये तो काय करतोय? काटक्या गोळा करतोय! अख्ख्या नव्या करारातला एवढा मोठा माणूस, नुकताच देवदूताशी बोललेला, भिजल्या अंगाने सरपण वेचतोय. त्यात साप निघतो, हाताला डसतो, लोक आधी त्याला खुनी म्हणतात आणि थोड्या वेळाने देव. तो हात झटकतो. एवढंच.

माल्टाच्या या दहा वचनांत पौलाचा एकही उपदेश लूकने नोंदवलेला नाही. त्याने नोंदवलंय ते हे : विस्तव, काटक्या, मग पुब्ल्याच्या आजारी बापाची खाट, त्याच्यावर हात ठेवून केलेली प्रार्थना, मग बेटावरचे बाकीचे आजारी. ते तिथे तीन महिने राहिले. निघताना बेटकऱ्यांनी त्यांना लागेल ते सामान जहाजात भरून दिलं. देणं कुठे संपलं आणि घेणं कुठे सुरू झालं, सांगता येत नाही. घरात असंच असतं.

तुमचा कार्यक्रम कोलमडला असेल, तर हा क्रम धरा. आधी जे मिळतंय ते आनंदाने घ्या. मग हातापाशी जी काटकी आहे ती उचला. भांडी असतील तर भांडी, मका सोलायचा असेल तर मका. आजाऱ्यापाशी बसायची वेळ येईल तेव्हा बसा. आमच्या शिबिरातही शेवटी तेच झालं. साहित्य नव्हतं, म्हणून पहिले दिवस मुलांनीच आम्हाला त्यांचे खेळ आणि त्यांची गाणी शिकवली. आम्ही विद्यार्थी झालो, मग आमची गट्टी जमली.

जेव्हा शेवट गोड नसतो

इथे थांबलो तर ही एक छान साक्ष होईल. पण सगळेच प्रवास शेगडीपाशी संपत नाहीत, आणि हे न सांगणं तुमच्यावर अन्याय होईल. यासाठी दूर जायला नको. आपल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्यांची मुळं एका फसलेल्या प्रवासात आहेत. त्या लोकांसाठी परदेश म्हणजे आपला देश होता.

१८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतून काही तरुण सेवक भारताकडे निघाले. त्यांत गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट, आणि सॅम्युएल न्यूवेल व त्याची पत्नी हॅरिएट होती. बहुतेकजण आज हे वाचणाऱ्या तुमच्याच वयाचे. चार महिने आणि अधिक समुद्रात काढून कलकत्त्याला पोचले, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने सांगितलं, इथे राहता येणार नाही, परत जा. न्यूवेल पतिपत्नी मॉरिशसला निघाले. वादळं, गळकं जहाज, आणि हॅरिएट गरोदर. भर समुद्रात तिला मुलगी झाली आणि काही दिवसांतच ते बाळ गेलं. ३० नोव्हेंबर १८१२ ला मॉरिशसमध्ये हॅरिएटही गेली. ती १९ वर्षांची होती. ज्या सेवेसाठी घर सोडलं, तिचा एक दिवसही तिच्या वाट्याला आला नाही.

हॉल आणि नॉट मुंबईकडे वळले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये तिथे पोचले. तिथेही हद्दपारीचा हुकूम. ते गुपचूप कोचीनला गेले, तिथून त्यांना परत आणलं गेलं. शेवटी गव्हर्नर इव्हान नेपियन यांच्याकडे विनवण्या करून करून राहायला मिळालं. पुढच्या वर्षी एकटा न्यूवेल येऊन त्यांना मिळाला. १८२१ मध्ये मुंबईतच कॉलऱ्याने त्याचा अंत झाला. १८२६ मध्ये हॉलही नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना कॉलऱ्यानेच गेला. पण याच अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत मुलींची शाळा सुरू केली, मराठी नवा करार छापला, पुढे अहमदनगर, सोलापूरकडे काम पसरलं. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आजी-पणजींनी पहिलं अक्षर तिथेच गिरवलं असेल.

आता कृपा करून याचा सोपा हिशोब मांडू नका. हॅरिएट आणि तिचं बाळ गेलं "म्हणून" महाराष्ट्राला आशीर्वाद मिळाला, असं म्हणू नका. देव असा व्यापारी नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल जे सांगतो, ते घडणारी प्रत्येक गोष्ट चांगली असते असं नाही. देव सगळ्या गोष्टींत, मोडलेल्या गोष्टींतसुद्धा, आपल्यावर प्रीती करणाऱ्यांच्या भल्यासाठी काम करत राहतो, असं ते आहे. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी तो ठासून सांगतो की मरणही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही. हॅरिएटजवळ एवढंच होतं. पण तेवढं होतं.

म्हणून कुणाचा प्रवास खरोखर दुःखात संपला असेल, तर त्यांना धडे शिकवायला जाऊ नका. माल्टाच्या लोकांनी भिजलेल्यांना "यातून देव तुम्हाला काय शिकवतोय?" असं विचारलं नाही. त्यांनी विस्तव पेटवला.

आज काय करायचं?

सेवेच्या वाटेवर तुम्ही आत्ता कुठे अडकला असाल, तर तीन गोष्टी करा.

एक, कागदावर दोन रकाने करा. एकात देवाने खरोखर काय सांगितलंय ते लिहा, दुसऱ्यात तुम्ही काय ठरवलं होतं ते. दुसरा रकाना त्याच्या हाती सोडा.

दोन, आज ज्याने तुम्हाला मदत केली, खुर्ची दिली, वाट दाखवली, त्याचं नाव विचारा आणि त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. शक्य असेल तर त्याला तुमच्यासाठीही प्रार्थना करायला सांगा.

तीन, जे घरी आहेत त्यांच्यासाठी : तुमच्या शहरातही कुणीतरी आपला देश सोडून आलेलं आहे. पुण्यात शिकायला आलेली आफ्रिकन मुलं आहेत, ईशान्येकडून नोकरीला आलेले भाऊबहीण आहेत. ते तुमच्या किनाऱ्याला लागले आहेत. या रविवारी उपासनेनंतर एकाला घरी जेवायला न्या.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्यात आलास तेव्हा तुलाही उतरायला जागा नव्हती, म्हणून परक्या दारात उभं राहणं काय असतं हे तुला ठाऊक आहे. आज जे कुणी तुझ्या नावाने घरापासून दूर आहेत, कुठल्या विमानतळावर, कुठल्या चिखलात, कुठल्या दवाखान्यात, त्यांच्याजवळ राहा. आमचे बेत मोडतील तेव्हा आमचा विश्वास मोडू देऊ नकोस. आम्हाला घ्यायला शिकव, लाज न बाळगता. काटक्या वेचायला शिकव, कमीपणा न मानता. ज्यांनी वाटेतच आपली माणसं गमावली, त्यांना तूच जवळ घे. आणि ज्यांनी आम्हाला कधी ओल्या अंगाने घरात घेतलं, त्यांच्या चुली पेटत्या ठेव. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.

उद्याचं वाचन : प्रेषितांची कृत्ये २८:११-३१. माल्टाहून पुढे, रोमपर्यंत. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो!